कांस्यपदक आणि खिडकीजवळची खुर्ची

चित्रपट पाहण्याचें व्यसन जडावें, असें आमचें वय नाहीं. तथापि मागील महिन्यांत नातवाच्या आग्रहास्तव 'द ब्राँझ' नांवाचा अमेरिकन चित्रपट आम्हीं पाहिला. (नातवानें दोन-तीन ठिकाणीं पडदा झांकून धरला, नायिकेच्या मुखींची भाषा तर आम्हांस बहुतांशीं समजलीच नाहीं, हें इष्टच झालें. सहकुटुंब पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे, हें वाचकांनीं आधींच ध्यानांत घ्यावें.)

ब्रायन बकली यांनीं दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटाचा पहिला खेळ २०१५ सालीं सनडान्स महोत्सवांत झाला. नायिका होप हिची भूमिका मेलिसा राउश यांनीं केली असून कथाही त्यांनींच पतीच्या साहाय्यानें लिहिली आहे. ओहायो संस्थानांतील ॲमहर्स्ट हें लहानसें गांव. २००४ सालच्या जागतिक स्पर्धेंत पाय दुखावलेला असतांही होपनें कसरतींत तिसरा क्रमांक मिळविला, आणि गांवानें तिला डोक्यावर घेतलें. पुढें कित्येक वर्षें उलटलीं, तरी बाईसाहेबांच्या अंगावरचा राष्ट्रीय संघाचा पोशाख कांहीं उतरत नाहीं. दुकानांत फुकट खावें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे टपालवाल्या बापाच्या गाडींतील पाकिटें फोडून पैसे काढावे, असा दिनक्रम. अशांत गांवांतलीच मॅगी ही तरुण मुलगी वरचढ निघूं लागते. तिला शिकविण्याचें काम अंगावर आलेली होप तिला मुद्दाम नाहीं तें चारून बिघडवूं पाहते. येथें आम्ही मोठ्यानें हंसलों आणि लगेच थबकलों. शिक्षकाच्या मनांत असलें पाप कधींच डोकावत नाहीं, असें आम्ही शपथेवर सांगूं शकणार नाहीं.

तिसरा क्रमांक म्हटला कीं आमच्या सातारा जिल्ह्यास खाशाबा जाधव आठवावयाचे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. नंतर गोळेश्वरच्या ह्या मल्लानें पोलीस खात्यांत नोकरी केली, १९८४ सालीं अपघातांत ते वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ॲमहर्स्टनें कौतुक फार केलें, आपण फारच थोडें!

आमचें स्वतःचें पदक म्हणजे चौतीस वर्षांची मास्तरकी. येथील शिंपी आमच्याकडून शिलाई घेत नाहीं. बसमध्यें कोणी ना कोणी जुना विद्यार्थी जागा देतो. वाचनालयांत खिडकीजवळची खुर्ची 'गुरुजींची' म्हणून ठरलेली आहे. गेल्या श्रावणांत त्या खुर्चीवर स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी बसली होती. आम्ही बोललों कांहींच नाहीं. नुसते समोर उभे राहिलों. ती उठली. आम्ही बसलों व वर्तमानपत्र उलगडलें. उरलेली दुपार ती दाराबाहेरच्या पायरीवर बसून लिहीत होती. चित्रपट संपल्यावर त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं ती ह्या पायरीमुळें.

दुसरे दिवशीं वाचनालयांत गेलों. दैवयोगानें तीच मुलगी खुर्चीवर होती. आम्हांस पाहून ती वह्या आवरूं लागली. "बैस, बैस, बाळ," आम्ही म्हणालों आणि कोपऱ्यांतील बांकाकडे वळलों. पण खरें सांगावयाचें तर, ती अर्धीअधिक उठेपर्यंत हे शब्द आमच्या तोंडून बाहेर पडले नव्हते.