मध्यरात्रीचं बिल

भिलाईत लग्नाच्या आमंत्रणालाही ‘त्या दिवशी बी शिफ्ट आहे’ हे उत्तर चालतं. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून गावाला शिफ्टची सवय आहे. मी नागपूरहून इथल्या एका खासगी फॅब्रिकेशन कारखान्यात आयटीप्रमुख म्हणून आलो. आमचं खातं मात्र जनरल शिफ्टवालं.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री जीएसटी लागू होणार होता. उत्पादन शुल्क माल फाटकाबाहेर पडताना लागायचं. म्हणजे बाराच्या आत निघालेल्या ट्रकला जुनं बिल, नंतरच्याला नवं. वरिष्ठांनी प्रशिक्षण ठेवलं सकाळी अकराला, समोशांसकट. अकाउंट्सची सगळी मंडळी हजर. पण रात्री बारा वाजता बिल काढणार होते ते सी शिफ्टचे, ट्रकच्या वजनकाट्यावरचे काटाबाबू आणि डिस्पॅचचा क्लार्क, आणि ते तेव्हा घरी झोपले होते. “त्यांना काय शिकवायचंय? बटणच तर दाबायचंय,” साहेब म्हणाले.

काटाबाबू डिस्पॅचच्या हाताखाली. माझा हुकूम त्यांच्यावर चालत नव्हता, गोंधळ झाला तर जबाब मात्र मला द्यायचा होता. डिस्पॅचच्या फोरमनला गाठून, चहा पाजून मी रात्रीचा वर्ग मिळवला. माझ्या खात्यातली दोन पोरं कुरकुरत आली. आयटीला नाइट अलाउन्स नव्हता, आणि एकाच्या खिशात पुण्याचं ऑफर लेटर होतं.

पहिल्याच रात्री काटाबाबूंनी विचारलं, “साहब, गाड़ी पौने बारह बजे कांटे पर चढ़ी और सवा बारह बजे गेट से निकली, तो बिल कौन-सा?” लठ्ठ फी घेणाऱ्या एकाही सल्लागाराला हे सुचलं नव्हतं. उत्तर कोणी द्यायचं यावर दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी ठरलं: अकरानंतर काटा बंद, उरलेल्या गाड्या बारानंतर नव्या बिलावर. मी ते लेखी मागितलं. साहेबांना राग आला, पण तोंडी निर्णय फसला की तो आयटीच्या खात्यावर जमा होतो, हे मी पुरेसं पाहिलं होतं.

३० जूनच्या रात्री नव्या पद्धतीचं पहिलं बिल निघालं ते नेमकं नागपूरच्या गिऱ्हाइकाचं. दुसऱ्या राज्यात जाणारा माल, म्हणून अठरा टक्के आयजीएसटी. पुढच्या दोन बिलांत गिऱ्हाइकांचे जीएसटी क्रमांकच नव्हते. काटाबाबूंनी सरळ त्यांच्या गोदामांना फोन लावून लोकांना उठवलं.

पुण्याच्या ऑफरवालं पोरगं दिवाळीआधी नोकरी सोडून गेलं. नाइट अलाउन्सची माझी फाइल एचआरने परत पाठवली; शेरा होता, ‘आयटी जनरल शिफ्टमध्ये येते.’