एका फळीचा चौरंग

बीड जिल्ह्यात उंची फर्निचरचं बोलणं सागवानापासून सुरू होतं आणि दर ऐकला की प्लायवूडवर येऊन थांबतं. बांधावर उभी असलेली बाभूळ कुणाच्या मनातही येत नाही. सरपण, कुंपणाचे काटे, फार तर औताचं लाकूड, एवढीच तिची वाटणी आपण करून टाकली आहे. लाकडात काम करता करता माझं मत याच्या अगदी उलट होत गेलं. साडेदहा हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या या जिल्ह्यात जंगल अगदी थोडं आणि पाऊस बेभरवशाचा. इथे उत्तम फर्निचर करायचं तर ते बाभळीचं करावं, आणि एक अख्खी वस्तू बाभळीच्या एकाच फळीतून काढावी. यातली दुसरी अट ऐकणाऱ्याला नुसती हौस वाटते. मला ती लाकडाच्या स्वभावातून, कामाच्या शिस्तीतून आणि पैशाच्या हिशोबातून आलेली वाटते. हे नीट मांडता यावं म्हणून घराघरात असणारी एकच वस्तू समोर ठेवतो, चौरंग.

सहा फूट लांब, दहा इंच रुंद, सव्वा इंच जाड अशी फळी धरा. म्हणजे अर्धा घनफूट लाकूड, वजन अकरा-बारा किलो. तिच्यातून अठरा-अठरा इंचांचे दोन तुकडे काढून शेजारी शेजारी जोडले आणि कडा रंधून घेतल्या की अठरा इंची चौरस माथा होतो. पुढचा पंधरा इंचांचा तुकडा उभा चिरला की सव्वादोन इंची चार पट्ट्या मिळतात, त्या माथ्याखालच्या चौकटीला. मग नऊ-नऊ इंचांचे दोन तुकडे, प्रत्येकाच्या चार पट्ट्या, मिळून आठ. दोन-दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवल्या की चार पाय तयार. इथवर एकोणसत्तर इंच झाले. उरलेले तीन इंच करवतीच्या कापात आणि चार पाचरांत जातात. एवढ्या नेमक्या हिशोबात चुकीला जागा राहत नाही, म्हणून करवत लावण्याआधी सगळी फळी खडूने आखून घ्यावी लागते. गाठ कुठे आहे, रेषा कुठे वळते, सालीजवळचं पांढरं लाकूड कुठवर आलं आहे, हे सगळं आधी वाचायचं. गाठ पायात गेली तर कुसाची खाच पाडतानाच पाय फुटतो, ती माथ्याच्या मधल्या भागात घेतली तर निभते आणि दिसतेही चांगली. सर्वांत सरळ रेषेचा भाग चौकटीच्या पट्ट्यांना राखायचा, कारण पट्टीच्या टोकाला खाचेत बसणारं कूस कापल्यावर तिथे जेमतेम तीन सूत जाडी उरते आणि रेषा तिरकी असेल तर कूस बोटानेही मोडतं. हवं तेवढं लाकूड हाताशी असणाऱ्याला हा विचार करावा लागत नाही. एका फळीवर काम करणाऱ्याला तो प्रत्येक कापाआधी करावाच लागतो, आणि काम सुधारतं ते इथेच.

एकच फळी घेण्याचं पहिलं कारण डोळ्यांना दिसतं. बाभळीचा गाभा कापला तेव्हा गुलाबीसर असतो, उजेड आणि हवा लागून तो तांबूस तपकिरी होत जातो. दोन झाडांच्या फळ्या आज एका रंगाच्या वाटल्या तरी गडद होताना त्यांची वाट वेगळी असते आणि काही वर्षांनी जोड उघडा पडतो. पॉलिशमध्ये रंग मिसळून हे झाकता येतं, पण मग लाकूड खरं कशाला घ्यायचं? दुसरं कारण दिसत नाही आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने तर गाभ्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट हलतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि श्रावणात कपडे वाळत नाहीत. एवढ्या फरकात अठरा इंची माथा दीड-दोन सूत सहज फुगतो आणि आकसतो. त्याचे दोन्ही तुकडे एकाच फळीचे असतील तर ते सारखेच वाळलेले असतात आणि मागे-पुढेही बरोबरीने होतात. पायांच्या जोडपट्ट्यांचंही तसंच. एक फळी मुरलेली आणि दुसरी परवा चिरलेली अशी मिसळ झाली की उन्हाळ्यात सांधा उघडणार, मग गोंद कितीही भारी असो. एका फळीने सगळंच सुटतं असं मात्र नाही. माथा रुंदीत हलणार आणि त्याखालची आडवी पट्टी लांबीत हलणार नाही, हे भांडण एकाच फळीतही राहतं. म्हणून माथा चौकटीवर खिळ्यांनी जखडायचा नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला खाच पाडून तिच्यात सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनी तो धरायचा. खिळे टाळण्याला बाभळीत आणखी एक कारण आहे. तिच्यात टॅनिन असतं, आणि ओल लागली की लोखंडाभोवती काळा डाग उमटतो.

पण बाभूळ या नाजूक कामाची आहे का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. तिच्या लायकीचा पुरावा गेल्या पिढीपर्यंत प्रत्येक गावाच्या रस्त्यावरून चालत होता. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे, शिवाय नांगर, कुळव, तिफण यांना सुतार बाभूळच निवडायचा. घाट-खडकातून ओझं वाहताना आऱ्याच्या कुसावर जो ताण येतो, त्याचा शतांशही चौरंगावर येत नाही. सागापेक्षा बाभूळ जड आणि कठीण, घनमीटरला आठशे किलोच्या आसपास. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांना लोखंडी सांगाडा आणि टायर आले, तशी गावोगावच्या सुतारांची ही विद्या निकामी पडली, पण लाकूड काही बदललं नाही. एका फळीच्या अटीचा पुरावा चुलीजवळचा, काठवट. ज्वारीचं पीठ जिच्यात मळतात ती लाकडी काठवट एका अखंड लाकडातून कोरलेली असते, कारण रोज भिजून रोज वाळणाऱ्या भांड्यात सांधा टिकत नाही हे ती कोरणाऱ्याला पक्कं माहीत होतं. एका लाकडातून एक वस्तू काढायची ही रीत आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. इथे एक खुलासा करायला हवा. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ ही अमेरिका खंडातून आलेली वेगळीच जात आहे. मी बोलतो आहे ते गावठी बाभळीबद्दल. तिच्यातली रामकाठी खांबासारखी सरळ जाते, आणि लाकडासाठी गोडी बाभूळ नावाजलेली.

बाभळीला किडा लागतो, ती तडकते आणि रंधा खात नाही, हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. तिन्हींना उत्तरंही आहेत आणि ती जुनीच आहेत. भुंगेरा शिरतो तो सालीजवळच्या पांढऱ्या लाकडातल्या पिठूळ अंशासाठी. म्हणून झाड हिवाळ्यात तोडायचं, ओंडका विहिरीत किंवा डोहात काही आठवडे बुडवून ठेवायचा आणि पांढरा भाग शक्यतो कामातून वगळायचा. पाण्यात तो पिठूळ अंश बराचसा निघून जातो. आपल्या विहिरी माघानंतर तळ गाठतात, म्हणून हे काम त्याआधी उरकावं लागतं. तडे जातात ते टोकांकडून, कारण तिथून ओल फार लवकर निघते. टोकांना शेणाचा किंवा तेलरंगाचा जाड थर द्यायचा, फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून त्या सावलीत रचायच्या आणि इंचभर जाडीला निदान एक वर्ष थांबायचं. एवढं करूनही एखादा तडा राहिलाच तर त्याला लपवायचं कारण नाही. जपानी वंशाचे अमेरिकी फर्निचरकार जॉर्ज नाकाशिमा १९३०च्या दशकाच्या शेवटी पुदुच्चेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड निवासाच्या बांधकामावर होते. पुढे अमेरिकेत त्यांनी अखंड फळ्यांची टेबलं केली आणि तड्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी कळ बसवून तो उघडपणे बांधून टाकला. आज ती टेबलं संग्रहालयांत आहेत. रंध्याचं म्हणाल तर बाभळीच्या रेषा एकमेकींत अडकलेल्या असतात आणि घाईने रंधा ढकलला की लाकूड उचकटतं. पातं वारंवार परजायचं, अगदी केसभर बाहेर काढायचं आणि शेवटचा हात काचेच्या तुकड्याने खरवडून द्यायचा. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, गोडेतेल तसं होत नाही, म्हणून स्वयंपाकघरातली बाटली उचलू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप प्लायवूडचा आहे. प्लाय फारसं फुगत-आकसत नाही, आठ फुटी सरळ मिळतं, काम दोन दिवसांत होतं. कपाटाच्या पाठीला, ओट्याखालच्या दारांना मीही तेच सुचवीन. पण चौरंग, पाट, देव्हारा, लिहायचं डेस्क या वस्तूंना हातांचा स्पर्श होतो, त्यांच्या कडा झिजतात, टवके उडतात. अख्ख्या लाकडाचा टवका रंध्याने निघतो आणि आत तेच लाकूड असतं. प्लायचा वरचा पापुद्रा एकदा उडाला की खाली दुसराच रंग दिसतो आणि ओल आत शिरते. तशी वस्तू दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. शिवाय ते प्लाय येतं दुरून. हरियाणातलं यमुनानगर हे त्याचं मोठं केंद्र, पॉप्लर आणि निलगिरीवर चालणारं. आपण हजाराहून जास्त किलोमीटरवरून लाकडाचे पापुद्रे आणवतो आणि आपलं कठीण लाकूड वीटभट्टीत घालतो. बाभूळ भट्टीला जाते तेव्हा वजनावर विकली जाते. ज्या अकरा-बारा किलोंचा वर चौरंग केला, त्यांची किंमत तिथे तेवढ्याच जळणाची होते. तेच लाकूड सुताराच्या हाती गेलं तर त्यावर त्याची आठवड्याभराची मजुरी निघू शकते, आणि ती जिल्ह्यातच राहते.

झाडं आधीच कमी, त्यात तुम्ही तोडायला सांगता, असंही म्हणतात. ही काळजी मलाही आहे आणि म्हणूनच एका फळीचा आग्रह आहे. दहा इंची फळी देणारी बाभूळ पंचवीस-तीस वर्षांची असते. तिला पहिल्या पाच-दहा वर्षांत सरपणासाठी छाटून संपवणं हीच खरी नासाडी. खोडाला लाकडाचा भाव आहे असं दिसलं तर शेतकरी ते झाड मोठं होऊ देईल. बाभूळ शेंगांच्या बियांनी सहज उगवते, शेळ्या शेंगा खातात आणि बी पसरवतात. तिला पाणी घालावं लागत नाही आणि तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरतात. पिकावर तिची सावली पडते हे खरं, म्हणून ती बांधावर आणि ओढ्याकाठीच ठेवावी. तोडीचे नियम प्रत्येक झाडाला वेगळे आहेत. सागवान, चिंच, आंबा, जांभूळ ही १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत येतात, आणि कुठलंही झाड पाडण्याआधी वन खात्याकडे विचारणा करणं शहाणपणाचं. नवं झाड न तोडताही फळी मिळू शकते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदाच्या घरांची धास्ती बसली, पुढे स्लॅबची घरं आली आणि माळवदं उतरत गेली. त्यांच्या तुळया, खांब, किलचणं अजूनही कितीतरी वाड्यांच्या मागे पडून आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या त्या लाकडाला आणखी वाळायचं काही उरलेलं नसतं. जुने खिळे शोधून काढायचे आणि करवतीचं पातं जपायचं, एवढीच त्याची अडचण.

राहता राहिला फळी मिळण्याचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सुतारापेक्षा सॉ मिलवाल्याच्या हातात जास्त आहे. ओंडका चिरला की त्याच्या फळ्या इतर ढिगात मिसळून जातात, आणि मग एकाच झाडाच्या दोन फळ्या शोधणंही अवघड होतं. चिरतानाच प्रत्येक फळीच्या टोकाला खडूने क्रमांक टाकला आणि मधे पट्ट्या घालून ओंडका होता त्याच क्रमाने रचून ठेवला, तर खर्च काही वाढत नाही. चौरंगाला एक फळी पुरते, मोठ्या देव्हाऱ्याला शेजारच्या दोन लागतील, आणि क्रमांक असले तर त्या सापडतील. गिऱ्हाइकाने तयार वस्तूचा भाव विचारण्याआधी ओंडका दाखवा म्हणायला सुरुवात केली, तर बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या वखारी हे करतील. थांबायची तयारी मात्र गिऱ्हाइकाचीही हवी. यंदाच्या हिवाळ्यात पडलेली बाभूळ पाण्यातून निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी चिरली गेली, तरी सव्वा इंची फळी मुरायला सव्वा वर्ष घेते. तिचा चौरंग पुढच्या महालक्ष्म्यांना मिळणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षी मिळेल.