पावसात उभे राहणारे शिल्प

उघड्यावर उभ्या केलेल्या शिल्पावर शिल्पकाराचा हात थांबतो, त्या दिवसापासून ऊन, वारा आणि पाऊस यांचे काम सुरू होते. म्हणून अशा शिल्पाचा आकार ठरवण्याआधी त्यावरून पाणी कोणत्या वाटेने जाणार, हे ठरवावे लागते. खोपोली-कर्जतच्या पट्ट्यात हा नियम फार कडक आहे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा इथे बोरघाटाच्या कड्यांना अडून वर चढतो आणि एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस टाकतो. उरलेले आठ महिने तोच कातळ उन्हात तापत राहतो.

या निसर्गाशी झालेला सर्वांत जुना व्यवहार कर्जत तालुक्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांत वाचता येतो. उल्हास नदीच्या खोऱ्यातली ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची आहेत. इथला चैत्य सुमारे वीस मीटर खोल आणि आठ मीटर रुंद आहे. दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका भग्न यक्षमूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवले, असे तो सांगतो. दानशूरांची नावे लेण्यांत पुष्कळ सापडतात. घडवणाऱ्याचे नाव विरळा, म्हणून या लेखाचे मोल शिल्पकाराला अधिक वाटते.

पावसाळ्यात वरच्या कड्यावरचे पाणी धबधबा होऊन या दर्शनी भागासमोर कोसळते, आणि पाऊस सरल्यावरही बराच काळ कातळावरून झिरपत राहते. त्याचा परिणाम शिल्पावर स्पष्ट दिसतो. कमानीच्या वर, पुढे आलेल्या कातळाच्या वळचणीला असलेल्या नृत्य करणाऱ्या जोड्या आजही ओळखू येतात: हाताची लय, कमरेचा बाक, डोक्यावरचे पागोटे. खाली मात्र झड आणि उडणारे शिंतोडे यांनी खांब झिजवून टाकले आहेत. यक्षाचे धडही उरलेले नाही. दर्शनी भागाचे लाकूडकाम तर केव्हाच गेले. घाटावरच्या कार्ल्याच्या चैत्यासमोर कोरताना दगडाचाच एक पडदा राखला होता. तिथल्या आतल्या छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. कारागिरी दोन्हीकडे अव्वल आहे. फरक पाण्याला दिलेल्या आडोशाचा आहे.

सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. दोन थरांच्या सांध्यातून आणि थंड होताना पडलेल्या भेगांतून पाणी वाट काढते. म्हणून पाथरवट दगड निवडताना त्यावर हातोडा मारून कान देतो. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड, बद्द आला तर आत भेग. निवडलेल्या दगडावरही पाणी साचेल अशी सपाट जागा ठेवायची नसते. खांदा, मांडी, पदराची घडी यांना किंचित उतार द्यायचा आणि खालच्या कडेला बारीक खाच घ्यायची, म्हणजे थेंब आत न वळता तिथूनच गळून पडतो. पोकळ ब्राँझच्या मूर्तीला तळाशी छिद्रे ठेवावी लागतात, नाहीतर आत साचलेले पाणी लोखंडी सांगाडा कुजवते. गंजाचाच संरक्षक थर धरणारे पोलाद कोरड्या हवेत टिकते. कोकणात ते महिनोन्‌महिने ओले राहते आणि गंज आत सरकत जातो.

वाऱ्याचे गणित वेगळे आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने हे गणित साऱ्या जिल्ह्याला दाखवून दिले. अमेरिकी शिल्पकार जॉर्ज रिकी यांनी याच शक्तीला काम दिले. त्यांची पोलादी पाती तोल साधून बसवलेली असतात, झुळकीनेही हलतात आणि जोराच्या वाऱ्यात वळून दाब सोडून देतात. क्रोएशियातल्या झादर शहरात 2005 साली उघडलेल्या सागरी ऑर्गनमध्ये किनाऱ्याच्या पायऱ्यांखालच्या नळ्यांतून लाटा हवा ढकलतात आणि सूर उमटतात. अशा कामांत निसर्ग शिल्पाचाच एक भाग होतो.

खोपोलीला हा विचार परका नाही. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणून टाटांच्या जलविद्युत केंद्राने 1915 साली इथे वीज निर्माण केली. ते पाणी पुढे पातळगंगेत जाते. पडत्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या या गावाच्या चौकात त्याच पाण्याने हलणारे, बोलणारे शिल्प शोभेल.

निसर्गाच्या पूर्ण हवाली होणारे शिल्पही जवळच घडते. शेजारच्या पेण तालुक्यात शाडूच्या गणेशमूर्ती घडतात. न भाजलेली ही माती विसर्जनानंतर पाण्यात विरते. विरणे हा इथे कामाचाच शेवटचा टप्पा असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीला तो टप्पा गाठता येत नाही.

जे टिकवायचे आहे, त्याची मात्र राखण करावी लागते. मेअखेरीस छिद्रे आणि पन्हळी मोकळ्या करायच्या, सांधे आणि बोल्ट तपासायचे. पावसाळ्यानंतर शेवाळ मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढायचे. आम्ल वापरायचे नाही, कारण ते दगडाचा पृष्ठभाग खाते. भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढायचे. मूळ जाड झाले की ते उपटताना दगडही फुटतो. ही कामे कोण करणार आणि त्यांचा खर्च कुठून येणार, हे शिल्प उभारण्याच्या ठरावातच लिहिलेले असावे.