वाढत्या अंगाचं

मुलीचं वाढणं तळपायापासून सुरू होतं. दिवाळीत घेतलेल्या चपला होळीपर्यंत आखूड होतात आणि घरातलं कुणीतरी कुरकुरतं, "आत्ता तर घेतल्या होत्या!" मग हातपाय लांबतात. साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, काही काळाने पाळी सुरू होते. त्याच सुमारास कंबर रुंदावते, मांड्या भरतात, कपाळावर पुटकुळ्या उठतात. पाळी नीट चालायला अंगावर थोडी चरबी लागतेच, आणि तिची तजवीज शरीर न सांगता करून ठेवतं. मला ही सगळी उलथापालथ फार देखणी वाटते. त्या मुलीला हे कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

तिच्या कानावर पडतं ते वेगळंच. लग्नघरात पाऊल टाकलं की, "किती सुटलीस गं!" पाठोपाठ, "उन्हात हिंडून काळवंडलीस, डाळीचं पीठ लावत जा." शेजारी उभ्या बहिणीला, "तुझी तर हाडं मोजावीत." बोलणाऱ्या आत्या-माम्यांच्या मनात वाईट नसतं. त्या पंगतीकडे वळतात, बोलणं विसरतात. मुलगी ते घरी घेऊन येते.

फेअर अँड लव्हली ही गोरेपणाची क्रीम १९७५ साली बाजारात आली. तिच्या नावातला 'फेअर' निघायला २०२० उजाडलं. एवढ्या काळात आयांनी ती ट्यूब वापरली आणि मग लेकींच्या हातात दिली. आता मोबाइल आहे. त्यातला फिल्टर गाल गुळगुळीत करतो, हनुवटी निमुळती करतो, रंग उजळतो. पूर्वी मुलगी वर्गातल्या दुसरीशी स्वतःला ताडून बघायची. आता ती स्वतःच्याच न झालेल्या चेहऱ्याशी ताडून बघते, आणि दर वेळी हरते. चौदा वर्षांच्या जिवाला हे फार जड आहे.

मग ताटातली भाकरी अर्धी होते. "भूक नाही" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. याची मोठी कारणं गरिबी आणि अपुरा आहार ही आहेत. पण ज्या घरात भाकरी आहे, तिथेही मुलगी ती बाजूला सारते तेव्हा माझ्या पोटात तुटतं.

आमच्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक काकू आहेत. मापं घेताना त्या आकडा कधी मोठ्याने उच्चारत नाहीत, मुकाट वहीत लिहितात. टेप छातीवर आला की मुली पोट आत ओढतात, खांदे पाडतात. काकू थांबतात. "श्वास सोड बाळा. याच कपड्यात तुला वर्षभर श्वास घ्यायचाय." आणि शिवणीत दोन बोटं माया जास्त ठेवतात. एवढा शहाणपणा मी फार थोड्या सुशिक्षित घरांत पाहिला आहे.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. या शर्यतीत अडथळे ओलांडायचे, पाण्यात उतरायचं, भिजलेल्या पायांनी पुन्हा धावायचं. तिच्या उन्हात तापलेल्या, पिळदार पायांचा फोटो माझ्या भाचीने अभ्यासाच्या टेबलावर चिकटवला आहे. भाची नववीत आहे, खो-खो खेळते, गुडघे कायम सोललेले.

परवा एका बारशात कुणीतरी तिला म्हणालंच, "अगं, मांड्या बघ केवढ्या झाल्यात! खेळ कमी कर जरा."

मी काही बोलणार, तोवर तिनेच वाटी खाली ठेवली. "मामी, खांबाला धरून सूर मारायचा ना, तर सगळा जोर मांडीत लागतो. शनिवारी मॅच आहे, या तुम्ही. दाखवते."