शेऱ्याचा रकाना

आमच्या लहानपणी प्रगतिपुस्तक म्हणजे दुमडलेलं जाड कार्ड. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक असे रकाने, खाली हजेरी, आणि शेवटी दोन अरुंद जागा : एक शिक्षकांच्या शेऱ्याची, दुसरी पालकांच्या सहीची. आमच्या घरी सहीच्या जागी मायचा अंगठा उमटायचा. बाजाराचा हिशेब तिला तोंडपाठ, पण गुणांपाशी ती फारशी थांबत नसे. शेरा मात्र वाचून दाखवायला लावायची. "सरायनं काय लेहलं?" मी वाचायचो, 'अभ्यास चांगला आहे.' लगेच पुढचा प्रश्न, "म्हंजे कायचा चांगला?" त्याचं उत्तर कार्डावर कुठेच नसायचं.

सातवीत ते मिळालं. मराठीच्या सरांनी लिहिलं होतं, 'धडा संपला की याचे प्रश्न सुरू होतात. त्यांचा वर्गाला उपयोग होतो.' मजकूर रकान्यात मावला नव्हता, म्हणून शेवटचे शब्द कडेनं उभे उतरले होते. मायनं ते दोनदा वाचून घेतलं आणि या खेपेला काही विचारलं नाही. तोवर मला वाटायचं, प्रश्न पडतात म्हणजे आपल्याला समजत नाही. ज्याची लाज वाटत होती तेच आपल्या जमेला आहे, हे मला त्या ओळींनी सांगितलं. मग वहीच्या मागच्या पानांवर मी प्रश्न लिहून ठेवू लागलो. ती सवय अजून टिकून आहे.

तेरा-चौदाचं वय मोठं नाजूक. आवाज फुटतो, उंची वाढते, राग नाकावर येतो. घर म्हणतं आळशी, गल्ली म्हणते हट्टी, वर्ग म्हणतो ढ किंवा हुशार. मूल ही नावं मुकाट्यानं अंगाला लावून घेतं. 'हुशार' हे नावसुद्धा वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या संशोधकांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या हुशारीची तारीफ झाली, ती मुलं एकदा अपयश आल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीची तारीफ झाली, ती अवघड कोड्यांनाही चिकटून राहिली. मायच्या 'कायचा चांगला?' या प्रश्नाचं वजन मला हे वाचताना नव्यानं कळलं.

पुढे मीच शिक्षक झालो आणि तो रकाना माझ्या हातात आला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि एका शेऱ्याच्या जागी वर्णनात्मक नोंदी आल्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. या नोंदींच्या तयार याद्या मिळतात. भरलेला वर्ग आणि त्यावर कागदांचा भार असताना शिक्षकाचा हात तिकडे जातो, हे मी समजू शकतो. पण 'नियमित शाळेत येतो' हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच नसतं.

मी शिकवतो ते सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर अंबाबरव्याचं अभयारण्य, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. डोंगरातल्या गावांतून कोरकू मुलं शिकायला खाली येतात. असाच एक मुलगा वर्गात वर्षभर गप्प असायचा. रानाच्या कडेनं क्षेत्रभेटीला गेलो तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे. धावडा, सालई, तेंदू, मोह. पानगळीनं झाडं उघडी पडलेली, तरी हा सालीवर तळवा ठेवून नावं सांगत होता. मी नोंद केली, 'झाडं सालीवरून ओळखतो. निरीक्षण नेमकं. हे विज्ञानाच्या वहीत यावं.' त्यानं ती बोट ठेवून वाचली. पुढच्या आठवड्यात त्याच्या वहीत सालींची चित्रं आली, बाजूला मराठी आणि कोरकू नावं.

तरीही दुसऱ्यानं दाखवलेलं आयुष्यभर पुरत नाही. म्हणून मी नोंदींच्या खाली एक ओळ मुलांसाठी सोडू लागलो, 'मी स्वतःबद्दल'. सुरुवातीला सगळ्यांनी एकच लिहिलं, 'मी मन लावून अभ्यास करीन.' मी म्हटलं, "करीन नको. काय झालं, ते लिहा." हळूहळू वाक्यं बदलली. 'मला गणित येत नाही' लिहिणाऱ्यानं नंतर लिहिलं, 'मी हातचा मिळवायला विसरतो.' पहिल्या वाक्यावर उपाय नव्हता, दुसऱ्यावर होता. एका मुलीनं लिहिलं, 'कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बुडते. मग विचारायची लाज वाटते. यंदा मैत्रिणीची वही आधीच मागून घेतली.' अडचण, लाज आणि वाट, तिन्ही तिनं स्वतः ओळखली होती. प्रेरणा म्हणतात ती मला इथे दिसते. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या भाषणानं मुलं भारावतात, पण सोमवारच्या तासाला बळ देतं ते असं स्वतःचं वाक्य.

मुलांच्या मनाकडे लेखणीतून पाहण्याचा हा रस्ता महाराष्ट्राला नवा नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हातानं लिहीत. अंगावर नजर ठेवणारे पुष्कळ असतात, मनाकडे लक्ष देणारा एखादाच. गुरुजींनी ते लक्ष शब्दांत उतरवून मुलांच्या हाती दिलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या आणि सोबत्यांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचं स्वतःचं मूल्यमापन असावं, असं म्हटलं आहे. कागदावर जागा झाली, ती याद्यांमधल्या वाक्यांनी भरू नये एवढीच माझी कळकळ आहे.

त्यासाठी खर्च लागत नाही. शिक्षकानं सत्रातून एकदा प्रत्येक मुलाबद्दल असं एक वाक्य लिहावं, जे शेजारच्या मुलाला लागू पडणार नाही. आईवडिलांनी टक्केवारीच्या आधी मुलानं लिहिलेली ओळ वाचावी आणि तिच्यावरून रागावू नये, कारण एकदा रागावलं की पुढच्या वेळी मूल खरं लिहिणार नाही. स्वतःला नीट ओळखणाऱ्या मुलाला पुढे ढकलावं लागत नाही. कुठे अडलंय आणि कुठे जायचंय हे त्याला कळतं, आणि मदत कुणाकडे मागायची तेही.