हौसेचं दुखणं

अपघातात पाय मोडलेल्या माणसाच्या खाटेभोवती सगळं घर उभं राहतं. पोटाची सैल कातडी काढून घेतलेल्या बाईला मात्र पहिल्याच रात्री ऐकावं लागतं, 'तुला कुणी सांगितलं होतं?' प्लास्टिक सर्जन म्हणून माझी सगळ्यात मोठी तक्रार या प्रश्नाबद्दल आहे. टमी टक म्हणजे कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चीर, बरगड्यांपर्यंत सोडवलेली त्वचा आणि बाळंतपणात फाकलेले, मधोमध पुन्हा शिवलेले स्नायू. ऑपरेशन हौसेनं केलं म्हणून जखम लहान होत नाही. आणि बोलणी खाल्लेली बाई दुखलं तरी सांगत नाही, ताप अंगावर काढते. मला खरी भीती त्याची वाटते.

घरी जाताना बहुतेकींच्या पोटाशी नळ्या असतात. त्यांना आम्ही ड्रेन म्हणतो. टोकाला मुठीत मावेल असा प्लास्टिकचा फुगा. सांभाळणाऱ्याने हात साबणाने धुवायचे, झाकण उघडून साचलेलं पाणी मापात ओतायचं, मग फुगा पूर्ण दाबायचा आणि दाबलेला असतानाच झाकण लावायचं. न दाबता लावलं तर आतलं पाणी ओढलं जात नाही, ते त्वचेखाली साचतं. आकडा वहीत लिहायचा. रंग लालवरून गुलाबी, मग पिवळसर होत जातो. २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आलं की साधारणपणे नळी काढतात. पण एकाएकी ताजं रक्त भरू लागलं किंवा पोटाची एक बाजू टणक फुगली, तर नुसतं वहीत लिहून ठेवायचं नाही. रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायचा.

पहिले काही दिवस ती कमरेत वाकूनच चालणार. 'सरळ उभी राहा' असं कुणी म्हणू नये, टाक्यांवर ताण येतो. झोपताना पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा हव्यात. तरी तिला पडून राहू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत हात धरून खोलीतल्या खोलीत चालवायचंच, नाहीतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली की घरात कुणीतरी मायेनं तेल घेऊन चोळायला बसतं. कृपा करून चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

शेकण्याचंही तसंच. बेंबीखालची त्वचा कित्येक महिने बधिर असते. गरम पाण्याच्या पिशवीचा चटका तिला कळतच नाही, आणि फोड आल्यावर घरच्यांना दिसतो. अशा भाजलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. जखमेवर हळद नको, आणि दातांना मिश्री तर नकोच. तिच्यातल्या तंबाखूने त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो.

ऑपरेशननंतर सांभाळणारं माणूस पूर्वीही लागायचंच. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या नाकाच्या शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं होतं. पुढचे दिवसही त्यात आहेत. पाच-सहा दिवस रोग्याला उताणं झोपवायचं, चार दिवसांनी लेप काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. त्याच्या उशाशी कुणीतरी बसत असणारच. मी ते वर्णन वाचते तेव्हा त्या उशाशी बसलेल्या माणसाचा विचार करते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच जणी रडतात. सूज असते, काळेनिळे डाग असतात, आरशात हवं होतं ते दिसत नाही. सूज पुरती उतरायला महिने लागतात, एवढं शांतपणे सांगितलं तरी पुरतं. आणि सहा आठवडे जड उचलायचं नसतं, म्हणजे पाण्याची बादली नाही, लेकरूही नाही. दोन वर्षांचं मूल आईकडे झेपावतं तेव्हा त्याला उचलून तिच्या शेजारी टेकवणारं माणूस लागतं.

म्हणून तारीख ठरवण्याआधी मी त्या माणसाला बोलावून घेते. रंगीत पाणी भरलेला ड्रेन त्याच्या हातात देते आणि माझ्यासमोर रिकामा करायला लावते. 'घरी कुणाला सांगायचं नाही, एकटी येईन, एकटी जाईन,' म्हणणाऱ्याही येतात. बहीण, मैत्रीण, शेजारीण, कुणीतरी एक जण सोबत आल्याशिवाय त्यांना मी तारीख देत नाही.