कर्ता गाळून

‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सोडवता आला असता. कर्म पुढे घ्यायचं, क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं आणि शेवटी ‘बाय’ लावून कर्ता ठेवायचा. कर्ता महत्त्वाचा नसेल तर तो गाळला तरी चालतो. आमच्या सरांनी हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की मला त्यांचं अक्षर अजून डोळ्यांसमोर दिसतं.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. मी २००३ मध्ये नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात पहिलीत गेलो. माझ्या वडिलांना एबीसीडी पाचवीत भेटली होती, मला पहिलीतच. म्हणजे दहावीपर्यंत मी दहा वर्षं इंग्रजी शिकलो. त्या दहा वर्षांत ‘रिमूव्ह टू’ची शेकडो वाक्यं सोडवली. इतका अशक्त की चालू न शकणारा तो माणूस मी किती वेळा ‘सो... दॅट’मध्ये घातला असेल, गणती नाही. पण स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत बोललो, असा एकही दिवस आठवत नाही.

तोंडी परीक्षा होती. बोर्डाच्या १०० पैकी २० मार्क तिलाच होते. आमच्याकडे ती अशी व्हायची: नाव सांगा, गाव सांगा, पाठ केलेली कविता म्हणा. सगळ्यांना अठराच्या पुढेच मार्क. सरांना दोष देववत नाही. वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. मुलं नापास होणार ती इंग्रजी आणि गणितात, आणि शाळेचा निकाल ठरणार त्यांच्यावर. सर म्हणायचे, ‘‘निबंधाचं काही सांगता येत नाही, ग्रामर म्हणजे हक्काचे मार्क.’’ ते खरंच होतं. त्या मार्कांवरच मी पुढे गेलो. इंजिनिअरिंगला ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा विषय आला, तोही आम्ही नोट्स पाठ करून काढला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पुण्यात, एका सोमवारी संध्याकाळी क्लायंटबरोबर कॉल होता. शनिवारपासून त्यांचे रिपोर्ट अर्धवट येत होते. शुक्रवारी एका कॉन्फिग फाइलमधली टाइमआउटची किंमत मी बदलली होती. पाच मिनिटं आधी मला ते लक्षात आलं होतं. पलीकडून विचारणा झाली, नेमकं काय झालं? मी माइक चालू केला आणि म्हणालो, ‘‘द टाइमआउट व्हॅल्यू वॉज चेंज्ड ऑन फ्रायडे.’’

व्याकरणदृष्ट्या अचूक वाक्य. कर्ता गाळलेला.

पुढचा प्रश्न अर्थातच कोणी बदलली हा होता. मी मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात आमच्याच टीममधलं कुणीतरी म्हणालं, शुक्रवारचं डिप्लॉयमेंट हिनं केलं होतं. ‘ही’ म्हणजे तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी, माझ्यासारखीच मराठी माध्यमातली. तिनं फक्त मी दिलेली फाइल वर चढवली होती. ती म्हणाली, ‘‘सॉरी.’’ बस, एवढंच. कॉल पुढच्या मुद्द्याकडे गेला. माझा माइक बंदच होता.

रात्री तिला फोन केला. ‘‘माझ्या हातून झालंय ते,’’ असं मराठीत सांगायला मला दोन सेकंद लागले. ती म्हणाली, ‘‘मला माहीत होतं रे. फाइल तूच दिली होतीस ना. पण तेव्हा सगळे ऐकत होते आणि मला वाक्यच जुळेना. सॉरी तेवढं येत होतं.’’

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी ‘माझ्या हातून झालं’ या वाक्याचा विचार करत होतो. मराठीतही आपण ‘मी चूक केली’ असं सहसा म्हणत नाही. चूक आपली आपण होते. पण निदान हात तरी आपला असतो. माझ्या इंग्रजी वाक्यात हातसुद्धा नव्हता.

इंग्रजी येत नव्हतं म्हणून गप्प बसलो, असं म्हणणं सोयीचं आहे. ते अर्धंच खरं आहे. धीरही कमी पडला. पण भित्र्या माणसाला लपायला जागा लागते, आणि ती जागा मला दहा वर्षं घोटून तयार मिळाली होती. तिच्याकडे तर तीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना मेल लिहिला. ‘आय चेंज्ड द व्हॅल्यू. शी ओन्ली डिप्लॉइड इट.’ दोन वाक्यं, चौथीच्या मुलालाही येतील अशी. ती लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. मॅनेजरनं ‘ओके, थँक्स’ असं उत्तर दिलं. पण तिच्या नावावर तो सोमवार चिकटला तो चिकटलाच. पुढचे काही महिने तिचं प्रत्येक काम दोनदा तपासलं जायचं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. चुलतबहीण दहावीत आहे. आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते आणि उताऱ्याखाली ‘पर्सनल रिस्पॉन्स’ हा २ मार्कांचा प्रश्न असतो: तुला काय वाटतं ते तुझ्या शब्दांत लिही. वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या वेळी असं काही विचारलं असतं तर, असंही वाटून गेलं.

‘‘मग तू काय लिहिलंस?’’ मी विचारलं.

तिनं गाईड उघडून माझ्यासमोर धरलं. तिला काय वाटतं ते तिथे छापलेलं होतं, चार ओळींत. ती ते पाठ करत होती.

मी गाईड मिटलं आणि म्हटलं, ‘‘हे राहू दे. आज दिवसभरात तू काय केलंस ते मला इंग्रजीत सांग. चुकलं तरी चालेल.’’

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘दादा, हे किती मार्कांना येतं?’’